उपाशी खाचर

श्रावणाचं कौतुक सगळ्यांना, कार्तिकाची वाट सगळ्यांना. मधल्या भादव्याला आमच्या मुळशीत कुणी विचारत नाही. मला विचाराल तर वर्षातला खरा नाटकी महिना हाच. सकाळी धुक्याचा पडदा. दुपारी कपाळावर हात धरायला लावणारं ऊन. उन्हं कलली की डोंगराआडून एक ढग डोकं बाहेर काढतो, चार सरी शिंपडतो आणि आपण त्या गावचेच नाही अशा चेहऱ्यानं पौडच्या दिशेला निघून जातो. खाली खाचरांमध्ये भात पोटरीला आलेलं असतं. कणीस अजून पानाच्या गुंडाळीतच, पोटात; बाहेरून नुसता फुगवटा दिसतो आणि बायका बांधावरून जाताना आपसांत हसतात. मग एके दिवशी, कुणालाही न सांगता, सगळं शेत एकदम निसवतं. कणसं बाहेर. आंबेमोहोर निसवला म्हणजे त्याच्या वासानं वाटेनं जाणाऱ्याची चाल आपोआप मंदावते. डोक्यावर ओझं असलेली बाईसुद्धा चुंबळ नीट करायच्या निमित्तानं थांबते.

परवा तो वास आला. मी ओढ्यावरून धुणं घेऊन येत होते, आणि भर वाटेत, एकटीच, खदाखदा हसायला लागले. मागून शेजारच्या हौसाबाई येत होत्या. "काय गं, काय लागलं-बिगलं की काय?"

म्हटलं, "न्हाई हौसाबाई, उपाशी खाचर आठवलं."

झालं! त्यांनीही गाठोडं बांधावर ठेवलं आणि कमरेला हात लावून हसू लागल्या. दहा-बारा वर्षं होऊन गेली, तरी आमच्या गावात नुसतं 'उपाशी' म्हटलं की हसू फुटतं. परक्या माणसाला वाटावं, काय निर्दय गाव आहे!

माझं माहेर सासवडकडचं. आम्ही भाकरी खाणारी माणसं. भात म्हणजे लग्नातला नाहीतर आजारपणातला. लग्न होऊन इथं आले तर सकाळी भात, दुपारी भात, रात्री भात, आणि भाकरी मागावी तर तीही तांदळाची. पहिले काही दिवस मला वाटलं, ही माणसं मला आजारी समजताहेत. सासूबाईंना आम्ही आत्याबाई म्हणतो. त्यांना मी भीत भीत विचारलं, "आत्याबाई, बाजरी मिळंल का?" त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी कडबा मागितला.

हळूहळू मला कळलं की या घराचं ऊन आणि सावली एका वस्तूवर अवलंबून आहे. माजघराच्या कोपऱ्यातली कणगी. बांबूची, माणसापेक्षा उंच, शेणामातीनं लिंपलेली, आणि पोटात वर्षाचं भात. आत्याबाई जाता-येता तिच्या अंगावर बोटानं टकटक करायच्या. आत किती उरलंय ते आवाजावरून ओळखायच्या आणि त्याप्रमाणे त्यांचा त्या दिवसाचा स्वभाव ठरायचा. कणगी भरीव बोलली की आत्याबाई ओव्या म्हणत. पोकळ बोलली की आम्ही सुना फार शहाण्यासारख्या वागत असू.

तर त्या सुमाराला गावोगावी एक पांढरं खत आलं होतं. पोत्यातून यायचं, मिठासारखं दिसायचं. त्याच्याबद्दल जितकी तोंडं तितक्या कथा. कुणी म्हणे भात दुप्पट येतं. कुणी म्हणे माती जळून जाते. कुणी म्हणे आंबेमोहोराचा वास उडतो. डोंगरावरच्या कोंडिबा धनगरानं तर कुठूनसं ऐकून आणलं की ते भात खाल्लं की मिशा झडतात. एवढ्या एका बातमीवर गावातल्या अर्ध्या पुरुषांचं मत पक्कं झालं.

त्याच वर्षी शेतकी खात्याचा एक तरुण साहेब आमच्याकडे यायला लागला. पौडपर्यंत एसटी, पुढे सायकल, आणि सायकलीवर बसूनच धरलेली छत्री. आडनाव पाटणकर, पण गावानं पहिल्याच दिवशी त्याचं बारसं करून टाकलं: भातसाहेब. त्याला तात्यांनी विचारलं, "साहेब, हे पांढरं खत आमच्या तांबड्या मातीला मानवंल का?"

भातसाहेब चष्मा पुसत म्हणाला, "मला माहीत नाही."

आजवर गावात आलेल्या एकाही साहेबाला काही माहीत नाही असं घडलं नव्हतं. तात्या तर त्याच्या प्रेमातच पडले. साहेबानं समजावून सांगितलं, की खत जिथं वापरून पाहिलंय तिथली माती वेगळी, पाऊस वेगळा. इथलं उत्तर इथंच करून बघितल्याशिवाय मिळायचं नाही, आणि गावोगावी करून बघायला खात्याकडे पैसा नाही.

तात्या म्हणजे माझे सासरे. सगळा गाव तात्या म्हणे म्हणून आम्हीही तेच म्हणायचो. उंच माणूस, खांद्यावर घोंगडी, आणि बोलायला उभे राहिले की उजवा हात असा पुढे यायचा, जणू हवेतल्या बैलाची वेसण धरलीय. सुगीच्या तोंडावर त्यांनी देवळापुढे गाव जमवला आणि वेसण धरली.

"हे बगा, रास मोजताना आपण देवाचं काडतो. सुताराचं काडतो, लव्हाराचं काडतो. मंग मणामागं एक मापटं ह्या नव्या इद्येसाठी काडलं तर काय बिगडलं? सवाल आपल्या मातीचा हाय. तो आपल्याच मातीत सोडवायचा, आन खर्चबी आपणच करायचा."

मापटं म्हणजे अर्धा शेर. मणभर भातातून अर्धा शेर! उंदीर यापेक्षा जास्त नेतात, आणि त्याचा काही हिशोब देत नाहीत. माना डोलायला लागल्या. एवढ्यात मागून आवाज आला, "न्हाई!"

हे आण्णा. आत्याबाईंचे धाकटे भाऊ, ओढ्यापलीकडच्या वाडीत राहणारे. त्यांच्या आणि तात्यांच्या जमिनीला एकच बांध. आण्णांना नाही म्हणण्याचं वेड होतं. चहा घेणार का विचारलं तर न्हाई, आणि मग बशीभर अधिक पिणार. पाऊस पडतोय म्हटलं तर न्हाई, आणि मग डोक्यावर इरलं घेणार.

"दाजी," आण्णा म्हणाले, "तुमाला भात शाळंत घालायचं तर घाला. म्या मापटं देणार न्हाई. आन समजा उत्तर आलंच न्हाई, तर ह्या लोकांची मापटी कोन परत करणार? तुमी?"

दाजी म्हणजे बहिणीचा नवरा. मेहुण्यानं भर सभेत अशी गोड हाक मारली की समजावं, आता पाय ओढला जाणार. तात्यांचा हात क्षणभर हवेतच राहिला. मग तो मांडीवर आपटला.

"व्हय, मीच! पुढच्या सुगीला उत्तर न्हाई आलं तर माझी कणगी उघडीन, आन ज्याचं त्याचं मापटं ज्याच्या त्याच्या पदरात घालीन!"

काय टाळ्या पडल्या! बायकांच्या घोळक्यात मी आत्याबाईंच्या शेजारी उभी होते. टाळ्यांच्या आवाजात त्या दात आवळून म्हणाल्या, "समद्या गावाची मापटी काडल्यावर तळाला काय उरंल? वर्सभर काय खायाचं? टाळ्या?" त्यांचा चेहरा बघून मलाही भीती वाटली. पण खरं सांगायचं तर, एका डोळ्यानं मला बाजरीची भाकरीही दिसली.

त्या सुगीची खळी मला अजून दिसतात. रास मोजताना आमच्याकडे पहिलं माप टाकताना एक म्हणत नाहीत. 'लाभ' म्हणतात, आणि मग दोन, तीन असं पुढे. प्रत्येक खळ्यावर मोजणी संपली की मणामागं एक मापटं वेगळ्या ढिगलीवर पडायचं. आधी देवाची ढिगली, तिच्या शेजारी भातसाहेबाची. पोरं दोन्ही ढिगल्यांना नमस्कार करायची. ते भात पौडच्या बाजारात गेलं आणि त्याचं पुढच्या वर्षी बियाणं आलं, खताची पोती आली, दोऱ्या आल्या. आणि तात्यांची ओढ्याजवळच्या उतारावरची ओळीनं चार खाचरं त्या कामाला लागली.

आषाढात लावणी झाली. आजवर आम्ही रोपं हाताला येतील तशी लावायचो. भातसाहेबानं दोरी ताणली आणि दोरीच्या कडेनं रोप लावायला सांगितलं. गुडघाभर चिखल, पाठीवर इरली, वरून पाऊस कोसळतोय आणि हौसाबाई ओरडताहेत, "भातानला पंगतीत बसवलं गं बाई!" खरोखरच पंगत दिसत होती. सरळ, समोरासमोर, मांडी घालून बसल्यासारखी.

मग साहेबानं वाढपाची पद्धत सांगितली. एका खाचराला पोत्यातलं खत. दुसऱ्याला शेणखत. तिसऱ्याला दोन्ही.

"आन चवथ्याला?" आत्याबाईंनी विचारलं.

"चौथ्याला काहीच नाही."

"काईच न्हाई म्हंजी?"

"म्हणजे काहीही घालायचं नाही. खत नाही, शेण नाही, राख नाही. त्याच्यावरूनच तर बाकीच्यांची वाढ मोजायची. ते कोरं राहिलं नाही तर कुणामुळं किती वाढलं, हे कळणार कसं?"

"उपाशी ठेवायचं?" आत्याबाई म्हणाल्या. साहेबानं हसून मान हलवली. तेव्हापासून ते उपाशी खाचर.

साहेब हुशार. उतारावर वरच्या खाचराचं पाणी खालच्यात उतरतं, तेव्हा खताचं पाणी उपाशी खाचरात जायला नको म्हणून त्यानं ते सगळ्यात वर धरलं. शास्त्राप्रमाणे अगदी बरोबर. फक्त एक गोष्ट त्याच्या लक्षात आली नाही. सगळ्यात वरच्या खाचराच्या कडेनं वाट जात होती. देवळाला जायची तीच, ओढ्यावर जायची तीच, डोंगरावर गुरं न्यायचीही तीच. सगळा गाव रोज त्या खाचराच्या डोळ्यासमोरून जायचा.

श्रावणात खालची तीन खाचरं काळीभोर हिरवी झाली. वरचं पिवळट, बारीक, मान खाली घालून उभं. तीन पंगतींना वाढून झालंय आणि चौथीपुढं नुसती पानं मांडून ठेवलीत, असं ते दृश्य. हौसाबाई म्हणायच्या, "माझ्याकडं टकामका बगतंय गं. म्या मान वळवून जाते." आमच्या गावात दारात आलेल्या माणसाला जेवलास का विचारल्याशिवाय नाव विचारत नाहीत. अशा गावाला शास्त्रानं सांगितलं होतं, बघ आणि वाढू नकोस.

भादव्यात चमत्कार झाला. उपाशी खाचर हिरवं झालं. भातसाहेब आला, त्यानं चष्मा काढला, पुसला, परत घातला. पुढच्या खेपेला आला तर ते पोटरीला आलेलं, सगळ्यांच्या आधी! त्यानं माती हातात घेतली, वास घेतला, आभाळाकडे पाहिलं. तात्या त्याच्या मागे उभे राहून म्हणाले, "दैवाची करणी." आणि घाईनं दुसरीकडे बघू लागले.

कार्तिकात चारही खाचरांची भातं वेगवेगळी झोडली, चार राशी पडल्या, आणि सगळ्या गावादेखत मोजल्या. पोत्याच्या खताचं भात माजून पावसात लोळलं होतं, त्याची रास बरी. शेणखताची चांगली. दोन्हींची आणखी चांगली. आणि सगळ्यात मोठी रास, माझ्या देवा, उपाशी खाचराची!

मग आण्णांचा आवाज, मधात घोळलेला, "दाजी, उत्तर आलं म्हणायचं. काईच घालू नका, लई पिकतंय."

भातसाहेब त्या खाचरात उतरला. धसकटांत उकिडवा बसला आणि मातीतून काहीतरी उचललं. "हे काय?"

सुकलेला बेल. सगळे गुरवाकडे बघायला लागले. गुरव म्हणाला, "देवाचं निर्माल्य हाय ते. कुटं तरी सोडायचंच, तर म्हनलं हितं सोडावं. देवाच्या अंगावरनं उतरल्यालं खतात धरायचं न्हाई, साहेब."

साहेबानं आणखी उकरलं. लेंड्या निघाल्या. आता सगळे कोंडिबाकडे वळले.

"माझी शेरडं माझं आयकत्यात व्हय?" कोंडिबा म्हणाला. "जाऊन बसायची तितंच."

"रोज?"

"व्हय." कोंडिबानं डोकं खाजवलं. "म्हंजी, म्याच बसवायचो."

"म्या मातुर काय घातलं न्हाई," हौसाबाई कुणी न विचारताच म्हणाल्या. "चुलीतली राख तेवडी. आन शेण, पर ते किती, पाटीभर."

"एकदाच?"

"सोमवारी सोमवारी."

मग तर रांगच लागली. कुणी गोठ्याचं धुवण ओतलेलं, कुणी पेंड भिजवून टाकलेली. प्रत्येकाला वाटत होतं की आपण एकट्यानंच केलंय, आणि एवढ्याशानं काय होतंय! आत्याबाईंवर नजरा गेल्या तेव्हा त्यांनी पदर खोचला. "माझ्याकडं काय बगताय? आमच्या खाचरात कुनी उपाशी ऱ्हाईल व्हय?" शेवटी राहिले तात्या. सगळा गाव त्यांच्याकडे बघतोय आणि ते घोंगडीची किनार तपासताहेत.

"म्या एकच पाटी टाकली," तात्या पुटपुटले. "तीबी पितरांच्या पंधरवड्यात. तवा तर कावळ्यालाबी वाढत्यात."

तुम्ही विचाराल, तुझं काय? मी सासवडची, मला कुणी विचारलं नाही.

भातसाहेब बांधावर बसला. त्याचे खांदे हलायला लागले. हसतोय की रडतोय ते कुणाला कळेना; चष्मा काढला तेव्हा दिसलं, दोन्ही. "म्हणजे," तो कसाबसा म्हणाला, "सगळ्यात जास्त जेवलं ते हेच."

पण आण्णा हसले नव्हते. "दाजी, उत्तर न्हाई आलं. शब्द दिला होता. चला, कणगी उघडा."

"तू तर मापटं दिलंच न्हाईस," आत्याबाई कडाडल्या. "तुला रं कशाची घाई, शिवा?"

"मला न्हाई, आक्के. लोकांची हायेत."

लोक म्हणाले, आम्हाला नको परत. पण तात्यांची मान ताठ झाली होती. त्यांनी पहार उचलली आणि घराकडे चालायला लागले. मागे सगळा गाव, आणि पुढे धावत जाऊन दारात उभ्या राहिलेल्या आत्याबाई. पाठीमागे कणगी. मी ते दृश्य किती जणींना किती वेळा करून दाखवलंय! पण त्या क्षणी हसायचं कुणाला सुचत होतं! तात्यांनी शब्द पाळला असता तर वर्षाचं भात गेलं असतं, आणि मापट्याचा उद्योग तिथंच संपला असता.

भातसाहेब मध्ये आला. "तात्या, अजून एक वर्ष द्या. आपण नीट विचारलंच नाही तर उत्तर येणार कुठून?"

"साहेब, खरं सांगू?" हौसाबाई म्हणाल्या. "पुढच्या सालीबी आमचा हात ऱ्हानार न्हाई."

हे सगळ्यांना पटलं. राखण ठेवावी तर राखणदारच शेण घालणार. मग गुरव विचार करून म्हणाला, "असं खाचर धरा की ज्याची कुनाला दयाच येनार न्हाई."

हळूहळू, एकेक करत, सगळा गाव आण्णांकडे बघायला लागला.

"माझ्याकडं का बगताय?"

"तुमचं खाचर वरल्या बांधाला लागूनच हाय," कोंडिबा नम्रपणे म्हणाला. "मातीबी तीच."

"आन आण्णा," हौसाबाई म्हणाल्या, "तुमच्या खाचराला गावात शेण कोन घालंल?"

असला अपमान आणि असला मान एकाच वाक्यात कुणाच्या वाट्याला आला नसेल. आण्णा लालबुंद झाले. मग म्हणाले, "घ्या माझं! बगतोच, कोन घालतंय!" ठरलं. पुढच्या सुगीला उत्तर आलं तर तात्या शब्दातून मोकळे. नाही आलं तर कणगी उघडायची, आणि पुन्हा मापट्याचं नाव काढायचं नाही.

दुसऱ्या वर्षीचा पाऊस मला फक्त एका चित्रात आठवतो. बांधावर इरलं, इरल्याखाली आण्णा, हातात काठी. त्यांचं खाचर श्रावणात पिवळं पडलं, अगदी शिस्तीत. जाणारा-येणारा चुकचुकला तरी आण्णा ओरडत, "फुडं व्हा! च्याक च्याक करायचं न्हाई हितं!" मामींनी, म्हणजे आण्णांच्या बायकोनं, घरात रडून बघितलं. आण्णा बधले नाहीत. स्वतःचं उभं पीक वाळताना बघायचं आणि हात बांधून बसायचं, हे शेतकऱ्याला किती जड जातं ते शेतकऱ्यालाच ठाऊक. एकदा मी त्यांना रोपांच्या ओळीपुढे उकिडवं बसलेलं पाहिलं. पानावरून बोट फिरवत होते, तापलेल्या लेकराच्या कपाळावरून फिरवावं तसं. मला बघताच उठून खाकरले आणि काठी आपटली.

आणि मग एका सकाळी आत्याबाई मला म्हणाल्या, "चल गं, ओढ्याला जाऊ." डोक्यावर पाटी, पाटीवर फडकं. वास लपतो होय? मी म्हटलं, "आत्याबाई, आपलीच कणगी जाईल हो!"

"कणगी दिसतीया तुला," त्या म्हणाल्या. "माझ्या भावाचं खाचर दिसंना व्हय?"

मी मागोमाग गेले. बांधावर आण्णा उभेच. त्यांनी पाटीकडे पाहिलं, बहिणीकडे पाहिलं.

"आक्के, माघारी फिर."

"एवडंसं टाकते रं शिवा. कुनाला कळनार न्हाई."

"न्हाई."

"किती वाळलंय बग. मला घास उतरना."

"आक्के," आण्णा म्हणाले, आणि त्यांचा आवाज मी पहिल्यांदाच इतका खाली आलेला ऐकला, "हे हिरवं झालं तर तुझ्या घरात शिजायचं काय? फिर माघारी. म्या बगतो ह्याच्याकडं."

आत्याबाई पाटी घेऊन उभ्या राहिल्या. मग पदर डोळ्यांना लावून वळल्या. शेण आम्ही परत घरी आणलं. मला आजही ठरवता येत नाही, त्या दोघा भावंडांत त्या दिवशी जास्त हट्टी कोण होतं.

कार्तिकात पुन्हा चार राशी. या वेळी उत्तर आलं, आणि लख्ख आलं. नुसत्या पोत्यानं भात माजतं आणि लोळतं. शेणखतावर थोडंसं पोतं घातलं की रास डोळ्यात भरते. आणि किती भरते ते कळत होतं फक्त आण्णांच्या राशीमुळे. केवढीशी ती! कोंबडी बसली तर झाकली जावी. आण्णा तिच्याशेजारी मिशीला पीळ देत उभे. कुणी मोठ्या राशीचं कौतुक केलं की हे मध्येच, "ते न्हवं, आदी माझी बगा. समद्यांत कमी! हाय का कुनाची हिच्यापरीस बारकी?" तात्यांनी सगळ्यांदेखत त्यांना मिठी मारली. आण्णांनी अंग आक्रसून घेतलं, पण सुटले नाहीत.

त्या दिवशी आमच्या अंगणात चार चुलींवर चार पातेली चढली. चार खाचरांचे तांदूळ, वेगवेगळे. गावाची मूळ शंका होती ना, खतानं वास जातो का? आत्याबाईंनी एकेक झाकण काढलं. पहिला भात चांगला. दुसरा चांगला. तिसराही. मग चौथं झाकण निघालं. अंगणभर आंबेमोहोर. उपाशी राहिलेलं ते मूठभर भात असं काही घमघमलं की कोंडिबानं डोळे मिटून घेतले. भातसाहेबानं घास घेतला, चावायचा थांबला, आणि म्हणाला, "हे कसं काय?"

"तुमाला ठावं न्हाई?" आण्णांनी विचारलं.

"नाही. एका घासावरून काही म्हणता यायचं नाही. वास उपासानं आला, की आण्णांच्या खाचराच्या मातीनं, की नुसता आपल्याला भास झाला, हे शोधायला पाहिजे. पुष्कळ वर्षं करून बघावं लागेल."

आण्णा पानावरून उठले. हात न धुताच ओढ्यापलीकडे गेले. आले तेव्हा खांद्यावर भाताचं पोतं होतं. ते त्यांनी भातसाहेबापुढं ओतलं. मापट्यानं मोजायला तात्या पुढे झाले तर आण्णांनी त्यांचा हात बाजूला सारला. "मापट्यानं काय व्हनार, दाजी? हा सवाल माझ्या खाचराचा हाय."

भातसाहेबाची बदली झाली, दुसरे साहेब आले. आता शेर-पायली जाऊन किलो आले, नवी बुटकी बियाणी आली, हौसाबाईंच्या घरी रेडिओवर भावसुद्धा सांगतात. मणामागचं मापटं मात्र सुगीला अजून निघतं, आणि दर वर्षी त्यातून कुठला ना कुठला सवाल मातीत पेरला जातो. वासाचं उत्तर काही आलेलं नाही. एका वर्षी वास येतो, एका वर्षी येत नाही. आण्णा थकलेत, पण त्यांचं ते खाचर ते स्वतःहून उपाशी ठेवतात, आणि कुणी विचारलं तर तोऱ्यात सांगतात, "चालू हाय."

काल संध्याकाळी मला लहर आली. मी रिकामी पाटी डोक्यावर घेतली, वर फडकं झाकलं, आणि चोरासारखी त्या बांधावरून निघाले. काठी आडवी आलीच.

"सूनबाई, पाटीत काय हाय?"

"काय न्हाई, मामा."

"दाव."

मी लाजत, अडखळत, होता होईल तेवढा वेळ लावून फडकं उचललं. आण्णांनी आत डोकावून पाहिलं, हात घालून तळ चाचपला, आणि बोटांचा वासही घेतला.

"रिकामी पाटी घिऊन हिंडतीस? मला झुलवायला व्हय!" ते म्हणाले. पण त्यांचं लक्ष माझ्याकडे नव्हतंच. मान उंचावून ते खाचराच्या पलीकडच्या कडेला बघत होते. तिथं भाताआडून कुणाच्या तरी पाठीचा वाक दिसत होता, आणि एक पाटी.

"जा घरी," आण्णा काठी सावरत म्हणाले. "तिकडनं तुझी सासू उतरलीया."